बोलीदारांशी संवादाची फेरी सुरू करण्याआधी

गरज लिहून काढा, पैशांची मंजुरी घ्या, पात्रतेच्या अटी ठरवा. एवढं कोणीही करतो. काय हवंय ते कळतंय, पण ते कोणत्या मार्गाने होईल हे आपल्यालाच सांगता येत नाही, तेव्हाच हा स्पर्धात्मक संवादाचा खटाटोप: सरकारी खरेदीत आधी बोलीदारांशी वेगवेगळं बोलून मार्ग शोधायचा, मग अंतिम निविदा मागवायच्या. तपशील ठरलेला असेल तर साधी निविदा काढा आणि मोकळे व्हा.

आता नोंदवही. बैठकीत निघालेला प्रत्येक मुद्दा कोणाचा, आणि तो इतरांना सांगायला त्याची लेखी परवानगी आहे का, हे दोन रकाने असलेली वही पहिल्या बैठकीआधी तयार हवी. आधी. मी मागच्या वेळी 'करू नंतर' म्हटलं. दुसऱ्या फेरीनंतर तिन्ही बोलीदारांना एकच खुलासापत्र गेलं, आणि त्यातल्या चौथ्या मुद्द्यात जुनी यंत्रणा चालू ठेवून रात्रीच्या वेळी एकेक भाग बदलायचा, असं वाक्य होतं. आपसात इतक्यांदा बोललो होतो की ते आमचंच वाटत होतं. होतं एका बोलीदाराचं. दुसऱ्या दिवशी हरकत आली, पुढे सगळी प्रक्रियाच रद्द झाली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशातलं कलम ३० याबाबत स्पष्ट आहे: सहभागीने सुचवलेला उपाय त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला कळवायचा नाही, आणि 'काहीही सांगा' अशी सरसकट संमतीही चालत नाही, नेमकी कोणती माहिती द्यायची ते दाखवूनच ती घ्यायची. कलम मी वाचलं होतं. वही नव्हती.

बैठकांना तांत्रिक, वित्त आणि कायद्याची तीच माणसं शेवटपर्यंत ठेवा, प्रत्येक बोलीदाराला वेळ सारखा. इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, आणि लिहितानाच समासात टाका: कोणाचं? परवानगी? फळा पुसा. हसू नका, पुढचा बोलीदार त्याच खोलीत बसतो.

निवडीचे निकष सुरुवातीलाच जाहीर करा, मध्येच बदलाल तर पुन्हा हरकत. नुसत्या किमतीवर निवड या पद्धतीत बसतच नाही. महिनोन् महिने माणसं गुंतवणाऱ्या बोलीदारांना काही मोबदला देणार असाल तर तेही आधी ठरवा. देता येतो, पण फारसं कोणी विचारात घेत नाही.

पुढचं झटपट. संवाद संपल्याचं सगळ्यांना कळवा, अंतिम निविदा मागवा. त्यानंतर खुलासे चालतात, मूळ गोष्टी बदलणं नाही. निवडलेल्याशी बोलतानाही तेच.

आणि कोणतंही पत्र बाहेर जाण्याआधी वही उघडा. एकेक ओळ ताडून बघा. जिथे परवानगीचा रकाना रिकामा असेल ती ओळ काढा, कितीही निरुपद्रवी वाटली तरी.