नानांसोबत दारणेवर गळ टाकायला जाताना

आमच्या आजोबांच्या काळी दसरा उलटला की घरातले पुरुष ठासणीची बंदूक घेऊन सशा-तित्तरांच्या मागे जायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते बंद झालं. झालं ते बरंच. माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या वाट्याला मग गळ आला. प्रेसमधल्या नोकरीच्या सुट्ट्या त्यांनी नाशिकजवळच्या दारणा नदीच्या काठावर घालवल्या, सोबत माझा भाऊ. मला कधी नेलं नाही. पोरींना एका जागी गप बसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता भाऊ पुण्याला, नाना शहात्तर वर्षांचे आणि गाडी चालवता येते ती मला. तीन वर्षं झाली, मीच नेते. म्हणजे सामान मी उचलते आणि बोलणीही मीच खाते. तुमच्याही घरी असे एक गळवाले वडील गॅलरीत बसून कंटाळले असतील तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

कोजागिरी ते दिवाळीनंतरचे पंधरा दिवस, हा आमचा मोसम. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, शिवाय बहुतेक मासा तेव्हा अंड्यावर असतो. त्याला तेव्हा छळू नये. पुढे निफाडकडची थंडी आपल्याकडे सरकली की मासा सुस्तावतो आणि नानांचे गुडघेही.

पहाटे जायचा मोह आवरा. नाना अजून म्हणतात, "तांबडं फुटायच्या आत गळ पाण्यात पाहिजे." मी ऐकत नाही. दारणाकाठी दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. 2020 मध्ये काठच्या गावांत माणसांवर हल्ले झाले, ते आम्ही विसरलेलो नाही. आम्ही आठ वाजता पोचतो आणि पाचला गाडीत असतो.

निघायच्या आदल्या दिवशी धरणातून विसर्ग चालू आहे का, हे विचारून घ्या. पावसाळा संपला म्हणजे नदी शांत झाली, असं इथे नसतं. रब्बीच्या पिकांसाठी पाण्याचं आवर्तन सुटतं, कधी खाली जायकवाडीसाठी पाणी सोडतात. 2023 च्या नोव्हेंबरात सोडलं होतं. म्हातारा माणूस खुर्चीत आणि पाणी पायाशी चढतंय, ही गंमत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवर तर बसूच नका.

जागा नानेगावच्या वरची असो की भगूरच्या अलीकडची, आधी काठाच्या शेतमालकाला विचारा. पुष्कळ ठिकाणी पाण्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांनाही विचारा. नानांना पाहून कुणी नाही म्हणत नाही, चहाच पाजतात. नांदूरमध्यमेश्वरला मात्र गळ घेऊन जाऊ नका. ते अभयारण्य आहे, तिथे दुर्बीण न्यायची. आणि कुणी जिलेटिन किंवा विष टाकून मासे मारताना दिसला तर तिथून उठा. स्फोटकं आणि विष वापरायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी काही दीडशहाणे सुधारत नाहीत.

आता खुर्चीचं. पहिल्या वर्षी मी सतरंजी नेली आणि नानांना उठवायला दोन शेतमजुरांना हाक मारावी लागली. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची न्या, आणि तिच्या चारही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर चिखलात एक पाय रुततो आणि खुर्ची तिरकी होते. उतार नको. या वयात तासातासाला बाभळीमागे जाऊन यावं लागतं, तो रस्ता सपाट हवा. शुगर असेल तर खिशात गुळाचा खडा, आणि साडेअकराला जेवण म्हणजे जेवण, मासा लागो न लागो. आम्ही बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा नेतो. चहा बिनसाखरेचा. त्यावर रोज एक टोमणा ठरलेला.

काठी नाना बांबूचीच वापरतात, दहा फुटी. मी रीळवाली घेऊन दिली होती, ती माळ्यावर आहे. काठीएवढाच तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिशाची गोळी, त्याखाली वीतभर अंतरावर गळ. गळाचा आकडा लहान घ्या. मोठ्या गळाने मोठा मासा येतो हा नवशिक्यांचा समज. चिलापीचं (तिलापिया माशाचं) तोंड केवढं असतं ते बघा एकदा.

आमिष बनवणं वडिलांवर सोडा. हे काम त्यांच्याकडून काढून घेतलंत तर बाकी सहलीला अर्थ नाही. नानांचा गोळा असा: कणीक, भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, आणि गादीतून काढलेला कापूस पिंजून मळायचा. कापसामुळे गोळा पाण्यात लगेच सुटत नाही. घट्टपणा कानाच्या पाळीसारखा, असं ते सांगतात आणि खरोखर पाळी चाचपून बघतात. शिंगटी माशासाठी गांडूळ. ते उकिरड्यातलं घ्या. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत खणू नका, तिथे फवारण्या चालू असतात.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. दुसऱ्या वर्षी नानांना एकही मासा लागेना. मला चार, त्यांना शून्य. वेळी-अवेळी काठी वर काढायचे, आमिष खाल्लेलं असायचं. "नदी बिघडली," म्हणायचे. पलीकडे देवळालीच्या फायरिंगचा धडाका चालू होता, तर त्याचाही दोष झाला. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं: त्यांना तरंडा, म्हणजे मासा लागला की बुडणारा दोरीवरचा तरंगता तुकडा, दिसतच नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण पाण्यावरच्या चकाकीत मोरपिसाचा तो तुकडा त्यांना हरवायचा. आणि हे ते मेले तरी बोलणार नव्हते.

मीही बोलले नाही. घरी पोळ्याच्या सामानात बैलाचे घुंगरू होते, त्यातलं एक काठीच्या शेंड्याला बांधलं. "माझं लक्ष राहत नाही नाना, आवाज आला की तुम्ही सांगा." तरंडा काढून टाकला. काठी बेचक्यावर टेकवायची, शिसं तळाला, तंगूस ताणलेला. आता डोळ्यांचं काम संपलं, आणि कान त्यांचे अजून ठणठणीत आहेत.

घुंगराचं एक शास्त्र आहे. पहिल्या वाजण्याला ओढायचं नाही, तो चाखत असतो. दोनदा-तीनदा तुटक वाजतं ते लहान पिल्लू. एकदम खळखळून वाजलं आणि शेंडा वाकला की मगच हिसका, तोही मनगटाचा. दुपारी वारा सुटला की घुंगरू उगाच वाजतं. तेव्हा काठी उंच गवताच्या आडोशाला घ्या. सूर्य पाठीशी ठेवलात तर चकाकी टळते, पण सावली पाण्यात पडून मासा बुजतो. त्यावर आमचा तोडगा म्हणजे खुर्ची दोन पावलं मागे.

शिंगटी लागली तर पकडायला धावू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात आणि टोचले की हात रात्रभर ठणकतो. ओल्या गोणपाटात धरून गळ काढायचा. मरळ लागली आणि जवळ पिल्लांचा तांबूस घोळका दिसला तर ती सोडून द्यायची, कारण ती पिल्लं राखत असते. नाना सोडताना तिच्याशी काहीतरी पुटपुटतात. चिलापीची दया नको. मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणली आणि आता आपल्याच माशांना जागा ठेवत नाही.

चिलापी खवलं काढून मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवा म्हणजे चिखलाचा वास जातो. शिंगटी राखेने चोळा, चिकटा निघतो. रस्सा काळ्या मसाल्यातला, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा, चिंच घालून. आई असती तर याहून जास्त सांगितलं असतं.

निघताना घुंगरू सोडून फडक्यात गुंडाळा. मी एकदा विसरले. काठीचा शेंडा गाडीत पुढे आलेला, आणि भगूरपासून विहितगावापर्यंत दर खड्ड्याला घुंगरू वाजलं की मागे डुलकी घेणारे नाना डोळे न उघडता हात पुढे करत होते.