सायटेशनचा आकडा का जुळत नाही? संशोधकांनो, या चुका टाळा

कॅसची (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेची) फाईल जमवायचे दिवस आले की सोलापुरातल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो: एच-इंडेक्स, म्हणजे किमान तितकीच सायटेशन मिळालेल्या पेपरांची संख्या. बायोकेमिस्ट्रीवाल्यांची कुरकुर जरा जास्तच, कारण पेपर आहेत, सायटेशनही (दुसऱ्यांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ) आहेत, पण आकडा जुळत नाही.

निम्म्याहून अधिक घोळ नावाचा असतो. आपल्याकडे एका पेपरवर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वडिलांचं नाव कधी घातलेलं, कधी गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललं तर स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाई. एका संशोधकाचे दोन-तीन आयडी होतात आणि सायटेशन विभागली जातात. गुगल स्कॉलर या पेपर शोधायच्या सेवेचं उलटं: 'एस. पाटील' दिसले की कुणाचेही पेपर तुमच्या गळ्यात. डाळिंबाच्या सालीतल्या पॉलिफेनॉलवर काम करणाऱ्या मॅडमच्या यादीत काँक्रीटवरचा पेपर असेल, तर समिती नेमकं तिथंच बोट ठेवणार. म्हणून स्कॉलरमध्ये नवे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवा आणि परके पेपर काढून टाका. स्कोपसकडे आयडी एकत्र करण्याची विनंती करता येते, पैसे लागत नाहीत. १६ अंकी ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आजच काढा आणि पुढच्या प्रत्येक पेपरला तोच द्या. नाव मात्र एकाच पद्धतीनं लिहा.

दुसरी चूक हिशेबाची. समजा सहा पेपरना ४०, १८, ९, ५, ४ आणि १ अशी सायटेशन आहेत. एकूण ७७, पण एच-इंडेक्स ४. कारण चौथ्या पेपरला किमान चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये मांडलेली ही पद्धत एखाद्या गाजलेल्या पेपरला फार भाव देत नाही. त्या ४० चे ४०० झाले तरी इंडेक्स ४ च!

स्कॉलर आणि स्कोपसचे आकडे वेगळे येतात, ती चूक नव्हे. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधलीही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरांमधलीही) सायटेशन मोजतं, स्कोपस निवडक जर्नल्स, परिषदांचे पेपर आणि पुस्तकांमधलीच. दोन्हींची बेरीज करू नका (करणारे आहेत!). आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा.

मोठा आकडा म्हणजे मोठा शोध, असंही नाही. प्रोटीन मोजण्याची लोरी पद्धत १९५१ ची. एमएस्सीची पोरं आजही ती करतात. त्या पेपरला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत, कारण ती रोजच्या कामाची पद्धत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीतल्या एन्झाइमवरच्या पेपरची तुलना कॅन्सरवरच्या पेपरशी केली तर ज्वारी हरणारच, कारण त्या विषयावर लिहिणारेच कमी. अशा वेळी त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या पेपरशी तुलना करून ती फाईलला जोडावी, असं माझं मत.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याच्या) नावाखाली कुठल्याही एजन्सीचा आकडा छापणारी जर्नल्स टाळा. खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो. आणि यूजीसीनं मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे. तेव्हा नवा पेपर पाठवताना 'केअर लिस्टेड' या शिक्क्यावर विसंबू नका, संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर आहेत का ते स्वतः बघा.