लांब उतारावर ब्रेकचा लिव्हर हँडलबारला टेकत असेल तर

स्वित्झर्लंडमधल्या गोर्नरग्राटहून (3,089 मीटर) झेरमाटपर्यंत जवळजवळ 1,480 मीटरचा उतार आहे. अशा सिंगलट्रॅकवर (एका सायकलपुरत्या अरुंद वाटेवर) सायकलचा हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, डिस्क ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. लिव्हर घट्ट लागतो पण सायकल थांबत नाही, तेव्हा पॅड (चाकावरच्या धातूच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दाबणारे तुकडे) तापून गुळगुळीत झालेले असतात. लिव्हर मऊ पडून हँडलबारपर्यंत गेला, तर आतला द्रव उकळलेला असतो.

मऊ लिव्हरवर ब्लीडिंग, म्हणजे जुना द्रव आणि हवेचे बुडबुडे काढून नवा द्रव भरणं, हाच उपाय मला पटला. नवं डॉट 5.1 (ब्रेकच्या द्रवाचा एक प्रकार) किमान 260 अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकतं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 180 पर्यंत घसरू शकते, म्हणून वर्षातून एकदा ते पूर्ण बदलावं. काही ब्रेक मिनरल ऑइल या वेगळ्या द्रवावर चालतात; त्यांत डॉट कधीही घालू नये, सील खराब होतात.

गुळगुळीत पॅडच्या जागी सिंटर्ड मेटल (धातूची भुकटी दाबून-तापवून बनवलेले) पॅड बसवले. त्याआधी डिस्क ‘फक्त रेझिन’साठीची (मऊ रेझिन पॅडच चालणारी) नाही ना, ते पाहिलं. पुढची डिस्क अडॅप्टर लावून 180 ची 203 मिलिमीटर केली, अर्थात फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) कमाल किती मोठी डिस्क चालते ते तपासूनच. नवे पॅड आधी सपाट रस्त्यावर मुरवावेत: ताशी 20 किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबत यावं, वीसेक वेळा, चाक लॉक न करता.

मित्रांच्या मागे चिकटून उतरलं की ब्रेक सतत घासत राहतो. पुढच्याचं वळण संपेपर्यंत अंतर ठेवा, वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती वाकडी होते.