जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: वाद नंतर घाला, आधी प्रिंटर लावून बघा

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात लोक पेनड्राइव्हऐवजी अख्खा लॅपटॉपच उचलून आणतात. "ताई, हा आता भंगारात द्यायचा का?" नाही द्यायचा. यातले बहुतेक लॅपटॉप २०१४ ते २०१७ च्या आसपासचे आणि ठणठणीत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीत नाव नोंदवलंत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, पण त्याने दुखणं फक्त लांबतं. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते, फुकट, आणि त्याची आणखी काही वर्षं सहज निघतात.

कसं टाकायचं ते सांगते. पण आधी कुणाचं ऐकायचं नाही ते.

ऐरोली-घणसोलीहून संध्याकाळी परतणारी आयटीतली मुलं माझ्याकडे फॉर्म प्रिंट करायला थांबतात. टेबलावर उघडा लॅपटॉप दिसला की त्यांचं सुरू होतं. लिनक्सचे आर्च, डेबियन असे बरेच प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा एक लाडका. "आर्च टाका ना ताई." "छे, डेबियन." "त्यात सिस्टिम-डी आहे!" सिस्टिम-डी म्हणजे संगणक सुरू होताना कुठला प्रोग्रॅम कधी उठवायचा ते बघणारा भाग. २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने तो घ्यायचं ठरवलं, तेव्हा अशी जुंपली की काही जणांनी वेगळी चूल मांडून देवुआन नावाचं निराळं लिनक्सच काढलं. व्हीआय चांगला की ईमॅक्स, हे भांडण तर त्याहून जुनं. दोन्ही मजकूर लिहायचे प्रोग्रॅम, १९७६ चे, आणि वाद अजून गरमागरम. आर्च वापरणारा माणूस ते न विचारताच सांगतो, हा त्यांच्यातलाच विनोद आहे आणि तो खरा आहे.

मला ऐकायला मजा येते, मी चहाही सांगते. पण या वादांत एकदाही प्रिंटरचं नाव निघत नाही. मराठी कसं टाइप होणार, जुन्या फायली उघडणार का, हेही कुणी काढत नाही. आणि माझ्याकडे परत येणारा प्रत्येक माणूस नेमका यापैकी कशावर तरी अडलेला असतो. सोसायटीच्या सभेत रिडेव्हलपमेंटचा करार दहा मिनिटांत मंजूर होतो आणि गेटला रंग कुठला द्यायचा यावर रात्रीचे अकरा वाजतात, त्यातलाच हा प्रकार. संगणकवाल्यांना हे ठाऊक नाही असं नाही. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच फुकट सिस्टिमवर काम करणाऱ्या पॉल-हेनिंग काम्प यांनी आपल्याच सहकाऱ्यांना याच कारणावरून सायकलच्या शेडचा दाखला देऊन सुनावलं होतं. तेव्हापासून ते अशा वादाला 'बाइकशेड' म्हणतात. म्हणतात, आणि पुन्हा घालतात.

तर कुठलं टाकायचं? लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅमवर चालते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. काही अडलं आणि शोधायला गेलात, तर उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरं मिंटलाही लागू पडतात. दुसऱ्या कुणी फेडोरा हे आणखी एक लिनक्स बसवून दिलं आणि तो माणूस तुमच्याच इमारतीत राहत असेल, तर खुशाल फेडोरा वापरा.

कुणी टाकू नये

टॅली वापरत असाल तर थांबा, ते विंडोजचं आहे. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर रोजचं पोट असेल तरीही थांबा. माझ्या दुकानातलं एक यंत्र त्याच कारणाने विंडोजवर आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. लग्नपत्रिका वेळेत छापून झाली पाहिजे, तत्त्व नंतर. मुलगा एमएस-सीआयटीच्या क्लासला जात असेल तर परीक्षा होईपर्यंत घरचा लॅपटॉप आहे तसाच राहू द्या, कारण तिथे विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. डिजिटल सहीचा डोंगल असेल तर त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो का, ते तो विकणाऱ्याला आधी विचारा.

जुन्या फायली आधी सोडवा

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, ब्राउझरमधले पासवर्ड उतरवून घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे सगळे सांगतात.

मराठी माणसाला त्याहून मोठा धोका जुन्या फॉन्टचा आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी या फॉन्टमध्ये केलेल्या बहुतेक जुन्या फायलींत देवनागरी अक्षरं नसतातच. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. फॉन्ट गेला की सोसायटीचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी. म्हणून विंडोज काढण्याआधी, ज्या यंत्रावर त्या फायली नीट दिसतात त्याच यंत्रावर, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. ज्या फायलींत पुढेही बदल करायचे आहेत, त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या देवनागरीत, आणा.

आणि आणल्यावर वाचा. डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि एकाच अक्षरावर दोन्ही आले की तो गडबडतो. 'वार्षिक' हा शब्द बघा: 'र्षि'मध्ये वेलांटीही आहे आणि रफारही. सोसायटीच्या प्रत्येक अहवालाचा पहिलाच शब्द तो, त्यामुळे तपासणी तिथूनच सुरू करा. जोडाक्षरावरची वेलांटी आणि 'ऱ्या' असलेले शब्दही शोधून बघा.

डिस्क बदलायची असेल तर आत्ताच

लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका. कुठलं लिनक्स निवडलंत याच्यापेक्षा याने कितीतरी जास्त फरक पडतो. दुसरा फायदा असा, की जुनी डिस्क विंडोजसकट शाबूत राहते. नवीन प्रकार नाही पटला तर तीच परत बसवायची, नाहीतर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जपून ठेवायची.

पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल, म्हणजे ज्यातून मिंट बसतं ती फाइल, फक्त मिंटच्या अधिकृत साइटवरून घ्या. साधारण तीन जीबीची असते, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर असलेलं सगळं पुसलं जातं. विंडोजवर रूफस किंवा बलेनाएचर वापरून ती चढवा. चढवण्याआधी चेकसम, म्हणजे फाइलचा ठसा, साइटवर दिलेल्या ठशाशी जुळतो का ते बघा. लोक हे टाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साइट फोडून कुणीतरी चोरदरवाजा घातलेल्या आयएसओची लिंक तिथे लावली होती, म्हणून मी टाळत नाही. चेकसमच्या सोबत सहीची फाइल असते, तीही तपासायची रीत साइटवर दिलेली आहे.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा, सुरू करताना डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा. बूटचा मेनू येतो, त्यात यूएसबी निवडा.

आता घाई करू नका

मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं आणि आतल्या डिस्कला हात लावत नाही. याला लाइव्ह सेशन म्हणतात. इन्स्टॉलचं चिन्ह समोरच दिसतं, त्यावर लगेच तुटून पडू नका. वायफाय जोडा. आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघा. झाकण मिटवून उघडा, पडदा परत येतो का?

मग प्रिंटर. खरोखर केबल लावून खरोखर एक पान छापा. वायफायवर चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर काही न करता ओळखले जातात. एचपीचे बरेचसे एचपीलिप या पॅकेजवर चालतात. मात्र लेझरजेट १०२० सारख्यांना त्यावर एचपीचं वेगळं प्लगिन उतरवावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, त्यामुळे त्याला निराळा ड्रायव्हर आणि बरीच खटपट लागते. तुमच्याकडे तोच असेल आणि रोज छापायचं असेल, तर या टप्प्यावर पेनड्राइव्ह काढून घेतलात तरी काही बिघडलेलं नसतं.

सगळं जमलं तर इन्स्टॉल करा. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या भागांच्या) चौकोनात खूण करा, वेळ कोलकाता निवडा, डिस्क पुसायला सांगा. डिस्क पुसण्याआधी बॅकअपची एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचा सल्ला मिळेल. घरातल्या ज्येष्ठांसाठी मी तो देत नाही. चालू करताना रोज समोर प्रश्न आला की ते दुकानात फोन करतात.

मराठी

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, येत असेल तर काम सोपं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीचा इनस्क्रिप्ट निवडा, झालं. 'ळ' शिफ्ट-एनवर. 'ऱ्या'साठी शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश आणि ई. हे चार ठोके बोटांत बसले की 'वाऱ्यावर' आणि 'दुसऱ्या' कधी चुकत नाहीत.

रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज बसवा, मेनूतल्या इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या यादीत मराठी शोधा. तिथे फोनेटिक आणि आयट्रान्स दोन्ही मिळतात. लॉगआउट विसरलात तर काहीच होत नाही आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात.

लिबरऑफिस या मिंटसोबत येणाऱ्या ऑफिसमध्ये आणखी एक काम करा, कारण हे कुठेच सांगितलेलं नसतं. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची खूण चालू करा आणि तिथे हिंदी असेल तर बदलून मराठी करा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये भाषा मराठी ठेवली की 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी ठेवली की हिंदी वळणाचे. खारेगावच्या एका सेक्रेटरी काकांना नोटीस "परकी" वाटत होती ती एवढ्यामुळेच. दुसऱ्यांना पाठवताना पीडीएफच पाठवा, वर्डमध्ये उघडताना मांडणी हलते.

मग टाइमशिफ्ट चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर तो सिस्टिम मागच्या तारखेला नेतो. तुमचे फोटो तो सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

मदत मागताना

इंटरनेटवर लिनक्सवाले मदत करतात, भरभरून करतात, पण "प्रिंटर चालत नाही, मदत करा" एवढ्यावर "आधी मॅन्युअल वाचा" असं उत्तर येतं. त्यात उद्धटपणा असतोच, पण विचारणाऱ्याने हाताशी काही दिलेलंही नसतं. लॅपटॉपचं आणि प्रिंटरचं मॉडेल, मिंटची आवृत्ती, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, आणि तुम्ही काय करून पाहिलं ते लिहा. मिंटच्या सिस्टिम रिपोर्ट्समधून यंत्राची माहिती एका बटणावर कॉपी होते, तीही चिकटवा. कुणी सूडोने सुरू होणारी, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेऊन चालणारी, ओळ दिली तर ती काय करते ते विचारल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, टाकू नका. जो नीट समजावून सांगतो त्याचंच ऐका. उत्तराऐवजी कुणी "मिंट सोडा, आर्च घ्या" म्हणालं तर आभार मानून पुढच्या उत्तराकडे वळा. आणि प्रिंटर चालू झाला की कसा झाला ते तिथेच दोन ओळींत लिहून ठेवा, कारण तसाच एलबीपी २९०० घेऊन पुढचा माणूस येणारच आहे.