जिन्याखालची लॅम्ब्रेटा पुन्हा रस्त्यावर आणताना

मुंबईत जुन्या इटालियन दुचाकींचं वेड बहुतेकांना लॅम्ब्रेटापासून लागतं. मिलानच्या इनोसेंटीने १९५८ साली आणलेली एलआय मालिका इथे मुंबईच्या एपीआयने, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, परवान्यावर बनवली. पुढे लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इनोसेंटीची यंत्रसामग्रीच विकत घेतली. त्यामुळे गिरगाव-दादरच्या जिन्यांखाली या गाड्या अजून सापडतात आणि पार्टही मिळतात. खाली जे लिहिलंय ते एलआय १५० आणि तिच्यावर बेतलेल्या गाड्यांसाठी आहे.

चार-पाच पावसाळे उभी असलेली गाडी घरी आली की हात आधी किककडे जातो. तो आवरा. सिलिंडरमध्ये धरलेला गंज पिस्टनच्या रिंगांनी खरवडला की बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, चरे उमटतात आणि दोन दिवसांचं काम रिबोअरवर (सिलिंडर आतून पुन्हा कातण्यावर) जातं. प्लग काढा, भोकातून १० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फ्लायव्हीलचं कव्हर उघडून मधल्या नटावर पाना लावून हळू फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर डिझेल आणि गिअर ऑईल निम्मं-निम्मं करून भरा आणि रोज थोडं हलवत आठवडा द्या. किकवर उभं राहून जोर केलात तर आतले दाते जातात आणि त्यासाठी चेनकेस उघडावी लागते. कव्हर काढलंच आहे तर पंख्यात आणि सिलिंडरच्या फिन्समध्येही डोकवा. उंदराचं घरटं आणि चिंध्या तिथे हमखास असतात. या इंजिनाला थंड ठेवणारी हवा हा पंखाच ढकलतो, त्यामुळे वाट बुजली की पिस्टन धरणारच, म्हणजे तापून अडकणारच. काऊल (सिलिंडरवर हवा वळवणारं आवरण) न लावता इंजिन मिनिटभरही चालवू नका.

आता टाकी. मुंबईच्या गाडीचा निम्मा आजार इथेच असतो. जुनं पेट्रोल काढून टाकी उतरवा, कॉक (पेट्रोलची तोटी) काढून भोक बुचाने बंद करा. टाकीत साधारण साडेआठ लिटर मावतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धा किलो, गरम पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. २४ तासांनी ओता. गंज जाड असेल तर पुन्हा भरा आणि मूठभर स्टीलचे नट टाकून हलवा, शेवटी ते मोजून बाहेर काढा. मग लिटरला एक चमचा खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, नाहीतर उरलेलं आम्ल पत्रा खात राहतं. पुढचं पाऊल लगोलग हवं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. हेअर ड्रायरने आतून वाळवा आणि लगेच पेट्रोल-ऑईलचं मिश्रण फिरवून सगळीकडे लावा.

पेट्रोलबद्दल जरा सविस्तर, कारण जुन्या मॅन्युअलमध्ये हे सापडणार नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. टू-टी ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कॉक तळाशी असतो, म्हणून पहिल्या दोन मिनिटांत इंजिनाला वंगणच मिळत नाही आणि जेमतेम जुळवलेला पिस्टन चिकटतो. महिनाभर उभ्या गाडीच्या कॉकखाली पारदर्शक बाटली धरून १०० मिली काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करा. जून ते सप्टेंबर गाडी काढणारच नसाल तर टाकी कोरडी करून आतून ऑईल फिरवलेलं बरं.

दुसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या काळातल्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक) हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण आठ टक्के पातळ पडतं. जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास. क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढायला व्यास चार टक्के पुरतो. म्हणजे १०० चा मेन जेट असेल तर १०४ किंवा १०५ लावून बघा. जेट तारेने कोरू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरेसा आहे. पेट्रोलची नळी इथेनॉल चालेल अशी, शक्यतो विटॉनची घ्या. ती टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सतत उतरती बसवा. मध्ये चढ आला की पूर्ण थ्रॉटलवर इंजिन उपाशी राहतं, आणि माणसं उगाच कार्ब्युरेटरला दोष देतात.

पेट्रोलमध्ये ऑईलचं प्रमाण पहिल्या टाकीला चार टक्के, म्हणजे लिटरला ४० मिली ठेवा. गाडी मोकळी झाल्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं ऑईल ३० मिली पुरतं. टाकीत थेट ओतू नका, आधी बाटलीत हलवून घ्या.

इग्निशनमध्ये पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्कांची) फट ०.४० मिलिमीटरवर लावा. फ्लायव्हीलला खिडकी असते, त्यासाठी ते उतरवावं लागत नाही. उतरवायचंच असेल तर त्याचाच पुलर वापरा. हातोडी मारली की चुंबक कमजोर होतं आणि क्रँकही वाकू शकतो. टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या जागेच्या) आधी २१ ते २३ अंशांत ठेवा आणि अंशांच्या चकतीने तपासा, कारण कोणी दुसऱ्या मॉडेलचं फ्लायव्हील बसवलं असेल तर खुणा खोटं सांगतात. गाडी थंड असताना छान चालते, वीस मिनिटांनी फटफट करत बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू होते आणि पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसते, हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण आहे. प्लग घेताना हेडची जाडी बघा. एनजीकेचा बी७एचएस १२.७ मिलिमीटर खोल जातो, बी७ईएस १९. आखूड हेडमध्ये लांब प्लग लावला तर पिस्टनवर आपटतो.

ऑईल सील रबराचे, वर्षानुवर्षं एका जागी उभे राहून कडक झालेले. चेनकडचा गेला की इंजिन गिअर ऑईल पितं. पांढरा धूर पंधरा मिनिटांनंतरही थांबत नाही, त्याला गिअर ऑईलचा वास येतो आणि पातळी घटते. फ्लायव्हीलकडचा गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडला तरी आवाज चढाच राहतो. हा दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो पिस्टन जाळतो. इंजिन उघडलंच तर दोन्ही सील बदला. नागदेवी स्ट्रीटवर सीलवर कोरलेलं माप सांगा (आतला व्यास, बाहेरचा, जाडी), नुसतं गाडीचं नाव सांगितलंत तर दुकानदार अंदाजाने देईल. बाकी पार्टसाठी ऑपेरा हाऊसचा बाजार, जुन्या मूळ वस्तूंसाठी चोर बाजार.

गिअरबॉक्समध्ये ७०० मिली ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं ऑईल. जुनं ऑईल दुधाळ निघालं तर गाडी तुंबलेल्या पाण्यात उभी होती. अशा वेळी एकदा भरून, पाच-दहा किलोमीटर चालवून पुन्हा बदला. क्लचच्या प्लेटा चिकटल्या असतील तर लिव्हर दाबून बांधून ठेवा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे ढकला.

चाकांचं एक नीट लक्षात ठेवा. रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली असते. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट सोडले तर रिम स्फोटासारखी उडते. आधी व्हॉल्व्हची पिनच काढा. टायर ३.५०-१०, आणि बाजूवरचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर नक्षी कोरी दिसली तरी नको. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कस्टम करायचं असेल तर आम्ही १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आधी सुचवू. भर पावसात पॉइंट ओले होण्याची भीती जाते आणि दिवा खरोखर दिसतो. मूळ स्टेटर (फ्लायव्हीलच्या आतली वीज बनवणारी कॉइलची पाटी) आणि फ्लायव्हील जोडीनेच तेल लावून जपून ठेवा. चॅसी कापण्याआधी मात्र विचार करा. ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की ती वाट बंद. आणि या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीपुरती गाडी काढता येते.

पहिले १०० किलोमीटर ४० च्या वेगाखाली, पहाटे मोकळ्या रस्त्यावर. पेडर रोडच्या चढासारख्या ठिकाणी गिअर वेळेवर उतरवा, इंजिन घुसमटवू नका. मग एका लांब सरळ रस्त्यावर धावताना क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला थांबून प्लग काढा. चॉकलेटी रंग बरोबर, पांढरा म्हणजे जेट अजून मोठा हवा, ओला काळा म्हणजे लहान. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडवे-तिडवे क्रमाने २० न्यूटन-मीटरवर पुन्हा आवळा.