वजन कमी करताना या चुका टाळा: द्राक्षे, उपवास आणि रविवारची मिसळ

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा अहवाल समोर ठेवून वजन उतरवायला सांगितले, ते मी सावकाश उतरवले आणि पुन्हा चढू दिले नाही, एवढ्याच भांडवलावर आमच्या नाशिकच्या इंदिरानगर परिसरात मला आहारातील जाणकार समजले जाऊ लागले आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. परंतु जिन्यात, भाजीबाजारात आणि जॉगिंग ट्रॅकवर थांबवून विचारले जाणारे प्रश्न इतके सारखे असतात, आणि त्यांमागच्या चुका तर त्याहूनही सारख्या, की एकदाच त्या लिहून काढाव्यात असे ठरवले. माझा अनुभव असा, की बहुतेकांचे जेवणाचे ताट मुळात वाईट नसते. पोळी, भाजी, वरण, भात आणि कोशिंबीर यांत कोणाचे वजन अडकून पडत नाही. ते अडकते ताटाबाहेर जे पोटात जाते आणि कोणीच मोजत नाही त्यात. आणि जे थोडेफार शहाणपण उरते ते घाई खाऊन टाकते.

महिन्याभरात दहा किलो

हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी खाली बसवते आणि गणित करायला लावते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७ हजार, आणि त्या तीस दिवसांत घटवायच्या तर रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट हवी. बैठे काम करणारा माणूस दिवसभरात मुळात एवढे खातच नाही, तर तो कमी कशातून करणार? रोज ५०० कॅलरींची तूट साधली तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरते, आणि ती गती मला उत्तम वाटते. हे ऐकून निम्मे लोक निराश होऊन जातात व पुढच्या महिन्यात कुठलीतरी पावडर घेऊन भेटतात.

अशाच एका घाईची हकिकत सांगण्यासारखी आहे. आमच्याच इमारतीत राहणारा, अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा तरुण. लग्न मे महिन्यात ठरलेले, आणि फेब्रुवारीत निफाडच्या मामांकडून द्राक्षांच्या पेट्या येऊ लागलेल्या. मोबाइलवर कोणीतरी त्याला पटवले होते, की महिनाभर निव्वळ फळांवर राहिल्यास शरीर आतून स्वच्छ होते आणि वजन झरझर खाली येते. घरात द्राक्षांना तोटा नव्हता, त्यामुळे सकाळ, दुपार, रात्र द्राक्षेच सुरू झाली. चार-पाच दिवसांनी तो जिन्यात भेटला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, “काकू, तीन किलो गेले!” मी म्हटले, “बाळा, त्यातले बरेचसे पाणी आहे.” त्याला ते आवडले नाही.

ते पाणीच होते, आणि त्याचे कारण साधे आहे. यकृत आणि स्नायू यांच्यात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेले असते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे एकदम तोडले की हा साठा आधी खर्च होतो, त्याचे पाणी निघून जाते आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. आतड्यांतील अन्नाचा भारही कमी होतो, तो वेगळाच. पोटभर जेवलात की हे सारे दोन दिवसांत परत येते. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर जाहिराती चालतात त्या याच कारणाने.

द्राक्षांचा हिशेबही त्याने केला नव्हता. एक किलो द्राक्षांत दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि प्रथिने जेमतेम सहा-सात ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती अन्नातून मिळाली नाहीत की शरीर स्नायू मोडून खाऊ लागते. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीत त्याला चक्कर आली, यंत्रापाशी खाली बसावे लागले आणि सहकाऱ्यांनी घरी आणून सोडले. यंत्र चालू असताना हे झाले, याचा विचार करून त्याच्या आईचा अजूनही थरकाप होतो. त्यानंतर द्राक्षे बंद झाली आणि केळवणे सुरू झाली. दोन-तीन आठवडे उपाशी राहिलेला मुलगा, समोर दर दोन दिवसांनी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड. पुढचे सांगायला नको. लग्नाच्या आठवड्यात शेरवानी सैल करण्यासाठी शिंप्याकडे धावाधाव झाली.

यात द्राक्षांचा काही दोष नाही, आणि नाशिकमध्ये राहून त्यांना शत्रू ठरवणे हा कृतघ्नपणा होईल. हंगामात मी रोज एक वाटी द्राक्षे खाते, ती जेवणासोबत, आणि घड टोपलीतून थेट तोंडात न टाकता आधी वाटीत काढून. वाटी संपली की टोपली परत फ्रिजमध्ये. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तेल कोणी मोजत नाही

“मी तर काहीच खात नाही” असे सांगणाऱ्या घरात मी एकच प्रश्न विचारते: महिन्याला तेल किती लागते? चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिना पुरत नसेल, तर पुढची चर्चा व्यर्थ आहे. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात; पोळीच्या पिठात किंवा भाजीत असलेल्या पिष्टाच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये चार. फोडणीत पळीने ओतलेले तेल ताटात दिसत नाही, पण एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी आत गेलेल्या असतात. माझी पद्धत कोणत्याही पुस्तकातली नाही. माणशी अर्धा लिटर या हिशेबाने महिन्याचे तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढायचे आणि बरणी संपली की त्या महिन्यात तेल संपले असे समजायचे. पंचवीस तारखेला पाहुणे आले आणि भजी करायची असली, तर आधीच्या आठवड्यातच हात आखडता घ्यावा लागतो, हे घरातल्या सर्वांना आपोआप कळू लागते. तेल “हलके” आहे, “हृदयासाठी चांगले” आहे, असे डब्यावर लिहिलेले असले तरी त्याच्या कॅलरी तेवढ्याच असतात.

उपवासाने वजन वाढते

हे वाक्य मी आमच्या जाऊबाईंसमोर उच्चारले तेव्हा त्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, तरीही ते मी मागे घेणार नाही. त्यांचा सोमवार असतो, चतुर्थी असते, दोन्ही एकादशा असतात, श्रावणात शनिवारही जोडला जातो आणि नवरात्रात तर नऊ दिवस सलग. एवढे उपवास करूनही वजन का वाढते, असा त्यांचा मला दर वर्षी प्रश्न असे. एका एकादशीला मी दिवसभर त्यांच्याकडेच होते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, अकराला केळे आणि दूध, दुपारी उरलेली खिचडी दह्याबरोबर, चारला चहासोबत बटाट्याचा तळलेला चिवडा, संध्याकाळी दोन शेंगदाण्याचे लाडू, आणि रात्री, “काहीच खाल्ले नाही” म्हणून, साबुदाणावडे.

शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. तो निव्वळ पिष्ट आहे. त्यात दाण्याचा कूट पडतो. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरींचे. वर तूप, वर बटाटा. मध्यम ताटलीभर खिचडी सहज पाचशे कॅलरींपर्यंत जाते, आणि पोळी-भाजी-वरणाचे साधे जेवणही त्याच्या आसपासच असते. फरक इतकाच, की त्या जेवणाने चार-पाच तास भूक भागते आणि खिचडीनंतर दोन तासांत पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते.

मी जाऊबाईंना उपवास सोडायला सांगितले नाही. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात बोलण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त एवढे म्हटले, की उपवासाच्या दिवशी जेवण एकदाच होऊ द्या आणि साबुदाण्याऐवजी भगर करा. नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्या आहेत, माल ताजा मिळतो, आणि साबुदाण्याच्या तुलनेत तिच्यात प्रथिने आणि तंतू बरेच जास्त असतात. सोबत दाण्याची आमटी पातळ ठेवावी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही घ्यावे. उरलेल्या दिवसात एखादे फळ, उकडलेले रताळे आणि ताक. भगर भांडेभर शिजवून तिन्ही वेळा खाल्ली तर तीही वजन वाढवेलच, हे वेगळे सांगावे लागू नये, परंतु सांगावे लागते.

काही चुका, ज्यांना एक ओळ पुरे

साखरेऐवजी गूळ: कॅलरींत जवळपास काहीच फरक नाही, त्यामुळे “गुळाचा आहे” म्हणून चहा दोन वेळा जास्त घेऊ नये. कोमट पाण्यातला मध चरबी वितळवत नाही. तो त्या पाण्यात साखर घालतो. पोटाला बांधायच्या घाम आणणाऱ्या पट्ट्यांनी जातो तो घामच. फळ खावे, त्याचा रस पिऊ नये. “डायबेटिक” लिहिलेली बिस्किटेही मैद्याची आणि तेलाची असू शकतात, वेष्टनाची मागची बाजू वाचावी. गोड चव देणाऱ्या कृत्रिम गोळ्यांवर वजन उतरवण्यासाठी विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितले आहे.

चालणे आणि त्याची वसुली

रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येणारे किंवा गोल्फ क्लब मैदानाला फेऱ्या मारणारे गट मी पाहते तेव्हा मला त्यांचे कौतुक वाटते, आणि तासाभराने तेच गट गंगापूर रोडच्या किंवा मखमलाबादच्या बाजूला मिसळीसमोर बसलेले दिसतात तेव्हा ते कौतुक निम्मे होते. सत्तर किलोच्या माणसाने तासभर झपझप चालल्यास अंदाजे अडीचशे कॅलरी खर्च होतात. मिसळीवरची पन्नास ग्रॅम शेव एकटीच तेवढ्या परत देते. रश्शावरचे तेल, दोन पाव, तळलेला पापड आणि शेवटी आग्रहाने घेतलेली जिलेबी हे सारे त्यानंतर. रस्सा पुन्हा पुन्हा मिळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घेतलाच पाहिजे असा नाशिककरांचा का समज आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

मिसळ सोडावी असे मी म्हणणार नाही, कारण मीही ती खाते. मटकीची उसळ हा तर मिसळीतला सर्वांत चांगला भाग. मी उसळ जास्त मागते, शेव वेगळ्या वाटीत घेते, एक पाव, दही, कांदा आणि वरची तर्री बाजूला. जिलेबी घेत नाही. आणि ती सकाळची न्याहारी नसून माझे दुपारचे जेवण असते, म्हणून घरी परतल्यावर पुन्हा ताट वाढून घेण्याचा प्रश्न येत नाही.

दोन वेळाच जेवणारे

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत अनेकांना मानवते, असे मी जवळून पाहिले आहे. चूक पद्धतीत नसते, ती निवडक पालनात असते. जेवण ५५ मिनिटांत संपवावे हा नियम सर्वांच्या लक्षात राहतो आणि त्या ५५ मिनिटांत मनसोक्त हादडले जाते. त्याच पद्धतीतले रोजचे ४५ मिनिटांचे चालणे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा परस्पर बदलल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून अशांनी आधी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे आणि मगच शेजाऱ्याचे अनुकरण करावे.

दोन-तीन महिन्यांनी वजन थांबते तेव्हा

ते थांबतेच. हलके झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते, त्यामुळे ज्या खाण्याने आधी तूट पडत होती त्याच खाण्यावर आता जमाखर्च बरोबरीत येतो. अधीर माणूस येथे रात्रीचे जेवण बंद करतो आणि आठवड्यात कंटाळून सगळेच सोडतो. मी अशा वेळी आधी काटा बाजूला ठेवते आणि शिंप्याची टेप काढते, कारण वजन स्थिर असतानाही कंबर कमी होत असल्याचे अनेकदा आढळते. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची मर्यादा मानतात. काट्यावर उभे राहायचे तर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करणाऱ्यांना कालच्या लोणच्यातल्या मिठाने धरून ठेवलेले पाणीच दिसत राहते.

कंबरही हलत नसेल तर तेलाची बरणी, चहाचे कप आणि लग्नसराईतली जेवणे या क्रमाने पाहावे. बरेच जण मात्र थेट थायरॉइडवर येतात. तपासणी जरूर करावी, टीएसएच ही साधी रक्तचाचणी आहे. पण थायरॉइडचे काम मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरात असते आणि त्यातही बराच भाग मीठ व पाण्याचा असतो. गोळी सुरू झाली की तेवढे उतरू शकते. त्यावरचे वजन कोठून आले हे शोधायला पुन्हा स्वयंपाकघरातच यावे लागते.