फोर्कलिफ्ट सिम्युलेटरवर शिकताना काय झालं, नवीन लोकांसाठी

मी फोर्कलिफ्ट शिकले तेव्हा सुरुवात सिम्युलेटरवर झाली. खऱ्यासारखी सीट, स्टेअरिंगवर नॉब, लिफ्ट, टिल्ट आणि साइड शिफ्टचे (फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दात, वर-खाली करायचे, पुढे-मागे कलवायचे आणि डावी-उजवीकडे सरकवायचे) लिव्हर आणि डोळ्यांवर हेडसेट. पहिल्या दिवशी रॅकच्या गल्लीतून वळताना पुढचे फोर्क नीट बाहेर पडले म्हणून मी निश्चिंत झाले आणि तेवढ्यात मागचा भाग खांबाला लागला. कारची सवय असलेल्या प्रत्येकाचं हे होतं, कारण फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, पुढचं टोक जागच्या जागी फिरतं आणि मागचा जड भाग बाहेर फेकला जातो. शिकवणारे सर तेव्हा एवढंच म्हणाले, "मान वळव, आरसा नंतर." हे ऐकून पाठ होत नाही हो, पाच-सहा वेळा ठोकलं की मगच मान आपोआप वळायला लागते, आणि ती ठोकाठोक जिथे कुणाला लागत नाही तिथे करून घ्यायची, सिम्युलेटरचा मला वाटतं सगळ्यात मोठा फायदा हाच.

म्हणून सांगते, तिथे फक्त नीट चालवत बसू नका. सरांना विचारून मुद्दाम चुका करून बघा. लोड वर उचलून ठेवा आणि वेगात वळा, उतारावर आडवी गाडी घाला. गाडीला चाकं चार दिसतात पण मागचा अ‍ॅक्सल मधोमध पिनवर बसवलेला असतो, त्यामुळे तोल खरं म्हणजे तीन टेकूंवर असतो, पुढची दोन चाकं आणि ती पिन. वजन त्या त्रिकोणाच्या बाहेर गेलं की गाडी कलंडते. मी वर्गात फळ्यावर हा त्रिकोण काढलेला बघितला होता पण स्क्रीनवर गाडी कलंडताना बघितली तेव्हा तो डोक्यात बसला. आणि बसून चालवायची काउंटरबॅलन्स गाडी (जिच्या मागच्या जड भागाने पुढच्या लोडचा तोल राहतो ती) कलंडायला लागली तर उडी मारायची नाही, बेल्ट लावलेलाच असतो, स्टेअरिंग घट्ट धरायचं, पाय टेकवायचे आणि पडणाऱ्या बाजूच्या उलट दिशेला झुकायचं. बरेच जण उडी मारतात आणि डोक्यावरच्या गार्डखाली, म्हणजे छतासारख्या लोखंडी जाळीखाली, सापडतात.

कपॅसिटी प्लेटचा, म्हणजे गाडी किती वजन उचलू शकते ते लिहिलेल्या पाटीचा, धडा पण सिम्युलेटरवर घ्या. 2000 किलोची गाडी म्हणजे 2000 किलो कसंही उचला असं नसतं, तो आकडा ठराविक लोड सेंटरचा, म्हणजे फोर्कच्या उभ्या भागापासून लोडच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराचा असतो, बऱ्याचदा 500 मिमी. समजा फोर्कचा उभा भाग पुढच्या अ‍ॅक्सलपासून 400 मिमी पुढे आहे आणि लांब पेटीमुळे सेंटर 700 वर गेलं, तर ढोबळ हिशोब 2000 × (400 + 500) ÷ (400 + 700), म्हणजे 1636 किलोच्या आसपास. हा हिशोब फक्त समजण्यासाठी, कामावर प्लेट सांगेल तेच खरं.

डोकं गरगरलं तर घाबरू नका, हेडसेटमुळे बऱ्याच जणांना होतं, पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं. मी सुरुवातीला तसंच रेटलं आणि उरलेला दिवस वाया गेला. रिपोर्टमध्ये एकूण मार्क सगळे बघतात, मी मात्र धडका कुठे झाल्या, लोड वर असताना वेग किती होता आणि रिव्हर्स घेताना मागे बघितलं का, एवढंच बघायचे.

पण सिम्युलेटरवर सगळे टास्क पास झाले म्हणजे तयार झालो असं समजू नका. अमेरिकेत ओशाचा (OSHA, तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमच आहे की क्लासरूम, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या ठिकाणी मूल्यमापन तिन्ही हवं, आणि मूल्यमापन किमान दर 3 वर्षांनी पुन्हा. ते का, हे मला पहिल्या खऱ्या गाडीवर कळलं. फोर्क पॅलेटमध्ये पूर्ण घातले, जमिनीपासून वीतभरापेक्षा कमी उचलले, मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, थोडा मागे टिल्ट केला आणि निघाले तर स्टेअरिंग एकदम हलकं लागलं. पुढे वजन आलं की मागच्या चाकांवरचा भार कमी होतो, ही गोष्ट सिम्युलेटरच्या सीटवर मला एकदाही जाणवली नव्हती. ओल्या फरशीवरचा ब्रेक, हॉर्न दिला तरी मध्ये येणारी माणसं, यांचंही तसंच.

म्हणून खऱ्या गाडीवर पहिले दिवस रिकाम्या पॅलेटवर काढा, मग हळूहळू वजन वाढवायला सांगा, आणि समोरचं दिसणार नाही असा उंच लोड एकदा सरांच्या देखरेखीखाली रिव्हर्समध्ये नेऊन बघा.